अकोल्याचं पाणी, पठाराचा बर्फ

११ ऑगस्ट

शाळेच्या पत्र्यावर वाजणारा पाऊस. चौथीचा वर्ग. गुरुजी कविता चालीवर म्हणून घेत होते आणि वरून असा ताशा सुरू झाला की आमचे नुसते ओठ हलत होते. शेजारच्याचाही शब्द ऐकू येईना. गुरुजी थांबले नाहीत, टेबलावर हातानं ताल देत राहिले. पाऊस ओसरला तेव्हा अख्खा वर्ग एकाच ओळीवर होता. कोणी मागे नाही, कोणी पुढे नाही.

आज गच्चीवर पाणी धरताना तो आवाज आठवला. नरसाळ्यावर टपटप, त्याच तालात.

काम सोपं आहे पण चुकता येत नाही. सर थांबली की वर जायचं. पाणी बाटलीत काठोकाठ भरायचं, आत हवा राहता कामा नये. झाकण घट्ट. वर तारीख, वार. उशीर झाला तर पाणी उडून जातं "अन् उरलेलं पाणी खोटं बोलते", हे मुक्ताचे शब्द. मुक्ता आमची एकुलती. या घडीला लडाखच्या पठारावर तंबूत आहे. जपान, नॉर्वे, किरगिझस्तान, नेपाळ आणि आपण, पाच देशांची माणसं मिळून तिथला जुना बर्फ खोदून काढताहेत. त्या बर्फात कुठल्या समुद्राचं पाणी आहे, कोणत्या वाटेनं वर चढलं, हे शोधायचं. वाटेत वऱ्हाड लागतं असं मु.चं म्हणणं. म्हणून वऱ्हाडचा पाऊस हवा, आणि तो जागच्या जागी भरणारा माणूस हवा.

"बाबा, तुमी घरीच असता."

खरं आहे. चाळीस वर्षं हार विकले, आता पाऊस भरतो.

१६ ऑगस्ट

सकाळी दुकानावर. दुकान पुतण्या बघतो, मी सवयीनं जाऊन बसतो. समोरचे रहीमभाई बांगड्यांची पेटी पुसत होते. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. चौथ्यांदा असेल, पण ते दर वेळी नव्यानं ऐकतात, हा त्यांचा मोठेपणा.

म्हणाले, "मंजे भाऊ, जुन्या शहराचा पाऊस आता फॉरेनले जाऊन राहिला. अन् आपण इथं मोर्णा नदीचा वास घेत बसलो."

गिऱ्हाईक उभं होतं, शेवंतीचा भाव विचारत. त्यालाही रहीमभाईंनीच सांगितलं, यांची पोट्टी ढगाच्या बी वर जाऊन बसली म्हणून. मी नाही-नाही म्हटलं. मनातून हो-हो.

दुपारी सर आली. दोन बाटल्या.

२ सप्टेंबर

मु.चा व्हिडिओ कॉल! पठारावर सिग्नल कधी लागतो, कधी नाही. तिचे ओठ फुटलेत, गाल काळे पडलेत. बोलताना मधेच थांबून श्वास घेते. तिच्या आईनं, सुमननं, पहिल्यांदा तेच पाहिलं. "जेवून राहिली का नाई तू?" मु. हसली. सुमन माझ्याकडे वळून म्हणाली, खोटं हसली ती.

मागे पसरलेली जमीन. झाड नाही, झुडूप नाही, एक निळं तळं आणि वर इतकं आभाळ. शाळेच्या कवितेत आभाळाला छत म्हणत. तिथलं आभाळ छत नव्हतं, दुसरंच काही होतं. शब्द सापडत नाही. उद्या बघू.

तिनं सगळ्यांना बोलावलं. जपानी म्हातारा वाकून नमस्कार करून गेला. नेपाळचा पोरगा "बाबा, कस्तो छ" म्हणाला, ते कळलं. नॉर्वेचा लाल दाढीवाला. आणि किरगिझस्तानची आयगुल, पन्नाशीची असावी, डोक्याला रुमाल, चेहरा करारी. मु. म्हणाली, कोणतं पाणी घ्यायचं आणि कोणतं टाकून द्यायचं हे हिच्या हातात. आयगुलनं मान हलवली, हसली नाही.

मग मु. म्हणाली, बाबा, एक कविता म्हणा.

पाच देशांपुढे. बनियनवर होतो. तरी म्हटली, चौथीतली, चालीवर, हातानं ताल धरून. एकालाही अर्थ कळला नसेल. संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आयगुलनं काही विचारलं, मु.नं सांगितलं, "ती विचारते, शिकवली कोणी?" मी म्हणालो, शाळेनं. मग आयगुलनं तिच्या शाळेतली एक म्हटली. ती घोड्याची असणार. ताल तसाच होता, टाप पडावी तसा.

रहीमभाईंना नाव सांगितलं. ते म्हणाले, "गुल तो फूल हुआ न भाऊ. तुमच्याच धंद्यातली बाई."

२४ सप्टेंबर

पेटी गेली. बाटल्या मु.च्या ओळखीच्या माणसाकडून नॉर्वेच्या प्रयोगशाळेत जाणार. पेटीला सुतळी बांधताना सुमननं हात जोडले. मी थट्टा केली. ती म्हणाली, कैलासाकडच्या कामाले चाललं, हात नाई जोडाचे तं काय?

मी एक ओळ जुळवली:
ढगा, थांबलास जिथे त्या गच्चीचं नाव सांग…
पुढे जमेना.

३० सप्टेंबर

मु. खाली उतरली. बंगलोरला तिच्या संस्थेत सुखरूप. पुढच्या उन्हाळ्यात पठारावरच्या तुकडीची प्रमुख तिला करायचं बोलणं चाललंय. पाच देशांच्या माणसांची प्रमुख! "अजून नक्की नाही बाबा, अकोल्याचा निकाल चांगला आला तं." या कामातला तिचा सगळा भाग अकोल्यावर उभा आहे.

म्हणजे गच्चीवर.

१८ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न नुकतंच झालं, अंगणात उसाची कांडी अजून उभी आहे. दुपारी मु.चा फोन. आवाज सपाट.

"बाबा, बाटल्यांत पानं सापडली."

मला वाटलं हाराची, वाऱ्यानं उडून आली असतील. ती म्हणाली, नाही, आतापर्यंत उघडलेल्या चारही बाटल्यांत एकेक, सगळी सारखी. बारीक, काळी पडलेली. पानाचा रस पाण्यात उतरला की यंत्राची नजर फसते.

सुमन कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुळशीचं असन. मीच टाकलं."

फोन माझ्या कानाला तसाच.

"कायले टाकलं?"

"कायले मंजे? देवाच्या डोंगराकडे पाणी चाललं, ते बिनतुळशीचं धाडाचं का? तुमी तारीख लिवाले चष्मा शोधत खाली जा, तवा झाकण उघडंच राहे."

तिकडून मु.नं सगळं ऐकलं. रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, आयगुलनं लिहिलंय, अकोला वगळावं. मग म्हणाली, ठेवते बाबा.

१९ नोव्हेंबर

सुमनशी बोललो नाही. संध्याकाळी तिनंच चहा ठेवला समोर.

"मले कोणी सांगतलं होतं का, पान टाकू नका म्हून? हवा नोको, एवढंच सांगतलं तुमी."

बरोबर आहे. ढोबळी मिरचीसुद्धा टाकू नको असं कोणी सांगितलं नव्हतं.

दुकानावर गेलो नाही. रहीमभाईंचा फोन आला, तब्येत विचारायला. ठीक आहे म्हटलं.

२३ नोव्हेंबर

हे नीट लिहून ठेवतो.

सकाळी सुमन तुळशीला पाणी घालून आली आणि दारातच थांबली. चार दिवस तिनंही मनात घोळवलं असणार. म्हणाली, "सगळ्याच बाटल्यांत नाई टाकलं मी."

"मंजे?"

"रविवारी अन् द्वादशीले तुळस तोडते का कोणी? त्या दिवशीच्या बाटल्या तशाच गेल्या. मले तं चुटपुट लागली होती, काही बाटल्या कोऱ्याच गेल्या म्हून."

लगेच मु.ला फोन लावला. सुमनला फोन दिला, तिनं पुन्हा तेच सांगितलं. पलीकडून कागद उलटल्याचा आवाज. मग हसू ऐकू आलं. लहानपणचं हसू, उसाच्या रसाच्या गाडीवर हसायची तसं.

मला समजावलं तिनं. एकच गच्ची, एकच हात, तोच पाऊस. काही बाटल्यांत पान, काहींत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहता येईल, पानानं किती फरक पडला तो. पानाच्या बाटल्या गेल्या तरी कोऱ्या उरतील. "आईनं नकळत ताळा ठेवला, बाबा."

सुमन म्हणाली, मंजे मी काही बिघडवलं नाई न?

मु. म्हणाली, बिघडवलं आई. पण सगळं नाई.

२८ नोव्हेंबर

व्हिडिओ कॉलवर सुमनची साक्ष झाली. पाच देशांसमोर. डोक्यावर पदर घेऊन, कालनिर्णय मांडीवर घेऊन बसली होती. कोणत्या तारखेला रविवार होता, कोणत्या तारखेला द्वादशी, बोट ठेवून सांगत गेली. वऱ्हाडीतच. मु. इंग्रजीत सांगत होती. नेपाळचा पोरगा मु.च्या आधीच मान डोलवत होता, त्याच्या घरीही तसंच आहे म्हणाला. लाल दाढीवाल्यानं विचारलं, द्वादशी चुकून विसरली तर? मु.नं विचारलं तेव्हा सुमननं त्याच्याकडे असं पाहिलं की भाषांतराची गरज उरली नाही.

आयगुलचा एकच प्रश्न. त्या दिवशी तोडायचं नाही, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

"माह्या सासूनं."

आणि सासूला?

"तिच्या सासूनं. अजून किती मांगं जाता, बाई? त्या समद्या तुमच्या बर्फाच्याही आंधीच्या असतीन."

मु.नं ते जसंच्या तसं सांगितलं. जपानी म्हातारा खूप हसला. आयगुलनं लिहून घेतलं.

माझी आई आठवली. तिला अकोल्याच्या पलीकडे फार तर अमरावती माहीत.

६ डिसेंबर

निकाल आला, पण निर्णय नाही. कोऱ्या बाटल्या मु.च्या म्हणण्याला जुळतात. पानाच्या बऱ्याच जुळतात, काही भरकटल्यात. नॉर्वे आणि जपान म्हणतात, कोऱ्या घ्या, बाकीच्या सोडा. आयगुल म्हणते, ज्या ठिकाणी न सांगता काही मिसळलं गेलं तिथलं अर्धं खरं आणि अर्धं खोटं मानायचं कसं? आणखी काय मिसळलं असेल कोणास ठाऊक. घरी हार ओवतात, ओली फुलं पडलेली असतात, गच्चीवर पापड वाळत घालतात.

पापड घालतो. खरं आहे.

मी मु.ला म्हणालो, बाई फारच कडक आहे.

मु. म्हणाली, "मी तिच्या जागी असते तं हेच विचारलं असतं. तिनं नाही विचारलं तं आमचं काम कोण खरं मानेन?"

स्वतःचं पद टांगणीला आहे आणि पोरगी असं बोलते. फोन ठेवला तेव्हा डोळे भरून आले. सुमनला सांगितलं तर ती म्हणाली, कांदा चिरून राहिली मी, त्याचं असन.

बैठक नव्या वर्षात. आयगुल जे म्हणेल ते.

१३ डिसेंबर

दुकानावर गेलो. रहीमभाईंना सगळं सांगितलं, पानासकट. लपवून काय करायचं. त्यांनी हातातलं फडकं झटकलं. मग म्हणाले, "भाभीनं दुआ मिसळली, पाणी नाई बिघडवलं. पण मशीनले दुआ दिसत असन तं मशीनचाही काय कसूर?"

मी म्हणालो, अजून निर्णय बाकी आहे.

"मंग मिठाई बी बाकी ठेवा."

बाजारात चारचौघांनी विचारलं, वरचं काम कसं चाललंय. मी सांगितलं, आमचं पाणी तपासताहेत, कसून. कसून म्हणताना छाती थोडी फुगलीच. आपल्या पाण्यासाठी पाच देशांची माणसं वाद घालतात, हे काय कमी आहे? मोर्णेच्या काठावरच्या गल्लीतलं पाणी.

२१ डिसेंबर

दुपारी जेवणं झाल्यावर सुमननं गच्ची धुतली. पापड आता गच्चीवर घालायचे नाहीत असं तिनंच ठरवलंय. पुढच्या पावसाची वाट न पाहता नरसाळंही उकळत्या पाण्यानं धुऊन फडक्यात बांधून ठेवलं. मी म्हणालो, अजून ठरलं नाही गं काही. तिनं ऐकलं नाही.

मग मी जरा पडलो होतो. ती ढगाची ओळ पुन्हा मनात आली, दुसरी ओळही आल्यासारखी वाटली, उठून लिहावी म्हणून चष्मा शोधत होतो तर कडी वाजली. पुतण्या असेल म्हणून तसाच गेलो.

दारात आयगुल. डोक्याला तोच रुमाल, पाठीवर पिशवी, बुटांवर स्टेशनची धूळ. मागे आमच्या गल्लीतली सगळी पोरं. पुण्याला काही परिषद होती म्हणाली, इंग्रजीत, हळूहळू, मला कळावं म्हणून. तिथून रेल्वेनं आली. मु.ला सांगितलं नाही म्हणाली. मुद्दाम नाही सांगितलं.

मी नमस्कार केला. आत या म्हणालो, मराठीतच, दुसरं सुचलं नाही. ती आत आली नाही. माझ्या खांद्यावरून घरात पाहत होती. मग विचारलं, "सुमन?"

सुमन हात पुसत बाहेर आली. आयगुलनं वर बोट केलं, गच्चीकडे. मग वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

"राहू द्या, राहू द्या पायात," सुमन म्हणाली. "वर ओलं हाय. आताच धुतलं."