मी तुझ्या जागी असतो तर

२ नोव्हेंबर, रविवार
क्लबात आसादो, म्हणजे निखाऱ्यांवर मांस भाजायचा बेत. तिबुर्सिओने निखारे फार लवकर जाळीखाली सारले. मी खुर्चीतूनच म्हटलं, तुझ्या जागी मी असतो तर अजून थांबलो असतो. त्याने पाठ फिरवली. दुसऱ्याच्या विस्तवात बोलू नये, असा आमच्याकडे रिवाज आहे. पण चूक दिसली की मला राहवत नाही.
क्लबातले लोक मागून मला 'दॉन आरीया' म्हणतात. दॉन म्हणजे 'श्रीयुत', आरीया म्हणजे 'मी केलं असतं'. माझं प्रत्येक वाक्य म्हणे तिथेच संपतं. म्हणू देत. गावात विचार करणारं कोणीतरी पाहिजेच.

५ नोव्हेंबर, बुधवार
ग्रिसेल आली. माझी एकुलती एक मुलगी. जावयाला दक्षिणेत तेलाच्या विहिरींवर नोकरी लागली आहे. सतरा तारखेच्या बसने दोघं जाणार, ती कायमचीच. आदल्या रविवारी सगळ्यांना माझ्या अंगणात जेवायला बोलावलंय.
म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी मांस तूच भाजायचंस. लहानपणापासून नुसतं ऐकतेय. जायच्या आधी एकदा तुझ्या हातचं खायचंय मला."
गहिवरून आलं. संकल्प: विटांची नवी चूल, स्वतःच्या हाताने. शिवाय आधी एक ट्रायल.

८ नोव्हेंबर, शनिवार
विटा आल्या. अंगणात रचून ठेवल्या. जागा नक्की करायला वाऱ्याचा अभ्यास लागतो. खुर्ची टाकून दुपारभर अभ्यास केला. माते, आमचा कडू चहा, प्यायलो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
ट्रायलसाठी खाटकाकडे गेलो. बरगड्या कशा कापाव्यात ते त्याला नीट समजावून सांगितलं. त्याने सुरी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, घ्या, तुम्हीच कापा. अशा उद्धट माणसाकडून मी काही घेत नाही. ट्रायल रद्द. जाणत्याला ट्रायल कशाला?
विटांवर शेजारणीची मांजर झोपते. तिला उठवणं बरं दिसेना.

१५ नोव्हेंबर, शनिवार
मांस जावयाने आणून ठेवलं. नाउएल त्याचं नाव. मुलगा चांगला आहे, पण बोलत नाही, त्यामुळे डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. चुलीऐवजी जुनी जाळीच वापरेन. गंज चढलाय, पण गंजाने चव येते.

१६ नोव्हेंबर, रविवार
सकाळी वारा दक्षिणेचा. अशा वाऱ्यात जाणता माणूस विस्तव पेटवत नाही. थांबलो. पाहुणे आले. थांबलो. पोरं रडायला लागली. तिबुर्सिओ माझ्याकडे बघून हसत होता. ग्रिसेल दोनदा येऊन विचारून गेली. तिसऱ्यांदा आली नाही.
शेवटी नाउएलने, मला न विचारता, मांजर उठवली, विटा मांडल्या, लाकूड पेटवलं. मी शेजारी उभा राहून त्याच्या जागी काय केलं असतं ते शेवटपर्यंत सांगत होतो. बरगड्या बऱ्या झाल्या. माझ्यामुळेच.
जेवण झाल्यावर रिवाजाप्रमाणे कोणीतरी ओरडलं, भाजणाऱ्यासाठी टाळ्या! मी छातीवर हात ठेवून उठलो. सगळे नाउएलकडे बघत होते. उभाच होतो, म्हणून मीही टाळ्या वाजवल्या. ग्रिसेल ताटं उचलत होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार
स्टँडवर गेलो. कालचा विषय तिने काढला नाही. काढला असता तर मी वाऱ्याचं समजावलं असतं.
बसच्या पायरीवरून तिने विचारलं, "पप्पा, नाताळला येशील ना आमच्याकडे?"
"आलो असतो गं," माझ्या तोंडून गेलं.
मला वाटलं, ती हसेल. तिने माझी कॉलर सारखी केली आणि आत जाऊन बसली. खिडकी पलीकडच्या बाजूची होती.

२३ नोव्हेंबर, रविवार
क्लबात गेलो नाही. अंगणात बसलोय. नाउएलने मांडलेली चूल तशीच आहे. राखेवर मांजर झोपली आहे. तिला सांगायचं तरी काय?
फार वाईट वाटतंय. आठवडाभर विचार केला. मी ग्रिसेलच्या जागी असतो तर मीही गेलो असतो.
उद्या नाताळच्या तिकिटाचं बघतो. वारा पडला की.