दर्भाचा कावळा

डिलाईल रोड,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. धनेश यास ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. गुडघा तसाच आहे. श्रेया आणि अवनी मजेत असतील. पत्र बघून दचकू नकोस. फोन केला की तू मला स्पीकरवर टाकतोस आणि तुमच्या दादरच्या अभ्यासवर्गातलं कुणीतरी मधेच "ताई, आधी श्वास घ्या" म्हणतं. मला श्वास घेता येतो. पत्रात मधे कुणाला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

बुधवारी तू जे पाठवलंस ते मी तीनदा वाचलं. आई तुझ्या स्वप्नात आली, राखाडी जागेत भिंत धरून उभी होती. तुमच्या सरांनी त्याचा अर्थ सांगितला की स्थूल देह गेला, पण वासनादेह विरत नाही, कारण घरात कुणीतरी तिला धरून ठेवलंय. कुणीतरी म्हणजे मी, हे तू लिहिलं नाहीस. पुढच्याच ओळीत मात्र तिची खाट, लुगडी आणि तपकिरीची डबी आठ दिवसांत घराबाहेर काढायला सांगितलीस. शिवाय रडायचं नाही, रडण्यानं तिची पुढची गती अडते.

धनेश, तुझे सर आईला एकदा तरी भेटले होते का? तिचे सात देह त्यांना दिसतात. मला एकच माहीत होता. तो मी सहा वर्षं उचलला, पुसला, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळवला. त्यातला सूक्ष्म कुठला नि कारण कुठला, ते बघायला मला सवड नव्हती. डायपर बदलायच्या वेळी तुमच्या वर्गातलं कुणी आलं नाही.

आणि ती येते तुझ्या स्वप्नात. चोवीस दिवस मी तिच्या खाटेशेजारी झोपते आहे, माझ्या स्वप्नात एकदाही नाही. शेजारच्या शांतामावशींचं शास्त्र आणखी वेगळं. त्या म्हणतात, "तुझी आवस सपनात येणा नाय, म्हणजे तिका काय नको आसा. सुटली ती." तुझ्या मते अडकली, त्यांच्या मते सुटली. दोघंही वर जाऊन बघून आल्यासारखे बोलता.

बाणगंगेवरचा दहावा आठव. पिंड ठेवून तास झाला, कावळे कठड्यावर बसलेले, एकही शिवेना. मग सगळे तिची राहिलेली इच्छा शोधायला लागले. माधवमामा म्हणाले, नातीचं, अवनीचं लग्न थाटात करू. कावळा हलला नाही. तू हात जोडून म्हणालास, मालनताईला अंतर देणार नाही. तरी नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "कावळा हे नुसतं प्रतीक आहे ताई, मनावर घेऊ नकोस." शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आपण घरी आलो.

तुझं सगळं ज्ञान थोतांड आहे, एवढंच लिहून पत्र संपवणार होते. तसं लिहिलेले दोन कागद फाडले. कारण ती अडकली असेलच, तर कशात, ते मला माहीत आहे. बाणगंगेवरही माहीत होतं. मी पदर तोंडाला लावून उभी होते, तो रडू आवरायला नव्हता.

शेवटच्या आठवड्यात मंगळवारपासून ती तुझंच नाव घेत होती. "धन्या इलो काय?" सारखं तेच. मी म्हणायची, "येता हा, वाटेत आसा." तू तुमच्या मौन शिबिरात, फोन बंद. पण तिथल्या ऑफिसचा नंबर तूच कॅलेंडरच्या मागे लिहून गेला होतास, अगदीच वेळ आली तर म्हणून. कॅलेंडर खाटेच्या समोरच होतं. मी सगळ्यांना सांगितलं की फोन लावला, पण लागला नाही. मी लावलाच नव्हता.

सहा वर्षं तू गणपतीला आणि दिवाळीला यायचास आणि तिचा चेहरा खुलायचा. रोज भरवणाऱ्या हाताकडे तिनं कधी तसं बघितलं नाही. मला वाटलं, तू नसलास तर शेवटी एकदा तरी 'मालन' म्हणेल. नाही म्हणाली. गुरुवारी दुपारी दाराकडे बघत गेली. तू वाटेत आहेस, हे तिनं खरंच मानलं होतं.

आता तू चिडशील. चीड. देहबिह काढू नकोस, सरळ शिव्या दे, त्या मला कळतात. मीही अजून चिडलेलीच आहे, तुझ्यावर आणि तिच्यावरसुद्धा. ती गेली म्हणून तो राग गेलेला नाही.

खाट मी काढणार नाही. येत्या शुक्रवारी तिथीनं तिला महिना होतो. वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ करीन, पान गॅलरीच्या कठड्यावर ठेवीन. तू ये, सरांना आणू नकोस. पान ठेवलं की मोठ्यानं एवढंच म्हण, "आये, मी इलंय." कावळा शिवला तर शिवला. नाही शिवला तर दर्भाचा करायचा नाही, दोघांनी तिथंच उभं राहायचं.

दार उघडं ठेवते.

तुला तेव्हा न बोलावणारी,
मालन