टेप गळ्यातच राहिली

३ नोव्हेंबर
सकाळी कॉलेजची तीन पोरं दुकानात. शिवायचं काही नाही, टेपा हव्यात. किती? तर चाळीस. म्हटलं, मी शिंपी आहे, टेपांचा कारखाना नाही माझा. "पिक्चरला न्यायच्यात, काका." पिक्चरला टेप कशाला? एकाने मोबाईलच पुढे धरला.

'विळा आणि वैरी'. इथे मलकापुरात आमच्या बागायतदार आबांनी काढलेला. चाळीस वर्षांत नाव कानावर आलं नव्हतं. तोंडाला पांढरं फडकं गुंडाळलेला हिरो सहा जणांना लोळवतोय आणि त्याच्या गळ्यात शिंप्याची टेप. पोरं हसून हसून काउंटरवर पडली. सांगलीच्या एका जुन्या टॉकीजला शनिवारी रात्री बाराला लावतात म्हणे. हा सीन आला की सगळं थेटर टेपा उधळतं. "लय भारी भिकार पिक्चर हाय, काका."

हाकलून दिलं. दिवसभर कात्री धरली नाही.

फडक्याआडचा तो माणूस मी आहे. आबांना आणि शूटिंगच्या मंडळींना माहीत होतं, ते सगळे गेले. आता फक्त माझ्या बायकोला, आबेदाला माहीत.

४ नोव्हेंबर
झोप नाही. यात हसण्यासारखं काय आहे?

हणमंता पलटणीतून दोन महिन्यांच्या सुट्टीवर आला होता, तो हिरो. मध्येच आबांच्या उसाला तोड आली. आबांनी शूटिंग थांबवलं. आधी ऊस, मग पिक्चर. रान मोकळं झालं तेव्हा हणमंताची सुट्टी संपलेली आणि पिक्चर अर्धा. मग आबांनी गोष्टीत हिरोच्या तोंडावर गुळाची काहील सांडली, तोंड बांधलं आणि मला म्हणाले, "मास्तर, कापडं तुज्याच अंगाला बसत्यात." बसणारच. शिवली तेव्हा हणमंता अजून सरहद्दीवर, माप कोण देणार? आबांच्या सांगण्यावरूनच माझ्या मापाने कापली होती. पहिल्या भागात त्याच्या अंगावर ती नुसती लोंबतात. पोरं त्यालाही हसतात.

फडकं म्हणजे माझ्या दुकानातलं अस्तर. मारामारीच्या दिवशी गिऱ्हाइकाचं माप अर्धं टाकून पळत गेलो. टेप गळ्यातच राहिली. कच्ची फिल्म संपत आलेली, सीन परत कुठून घेणार.

आबेदा म्हणाली, "एवडं काय मनाला लावून घेता? हसू द्यात की." हिला काय जातंय.

६ नोव्हेंबर
टॉकीजला फोन लावला. मालकाची मुलगी, प्राची, तीच हे खेळ लावते. फार गोड बोलली, त्याचाच जास्त राग आला.

"काका, आम्ही प्रेमाने हसतो. ठरवून कुणाला इतका वाईट सिनेमा काढता येणार नाही. त्यात सगळ्यांनी जीव ओतलाय, ते दिसतं. म्हणून तर लोक सहा-सहा वेळा येतात."

म्हटलं, बाई, कुणाच्या अंगावर वाकडी शिवण दिसली तर मी हसत नाही. उसवून नीट करून देतो.

"पण उसवली तर मजाच जाईल ना."

कोण बोलतंय, तिने विचारलं. म्हटलं, कुणी नाही, प्रेक्षक. आणि ठेवला.

जीव ओतलाय म्हणून हसायचं. हा कुठला न्याय!

१० नोव्हेंबर
वडूजहून हणमंताचा फोन. आवाज विशीतला.

"मास्तर, सांगलीला आपला पिक्चर लागलाय. मला परमुक पावना म्हणून बोलावलंय. बावीस तारखेला. चाळीस वर्सांनी आठवन झाली बग लोकांना."

त्याने हा पिक्चर पुरा पाहिलेलाच नाही. कराडला लागला तेव्हा तो वर बर्फात होता, सुट्टीवर येईपर्यंत उतरला. पुढे गावोगावच्या तंबू-थेटरातही गाठ पडली नाही. आबांनी कापून-जोडून संपवला, एवढंच त्याला माहीत. सुभेदार होऊन रिटायर झाला तरी वडुजात त्याला अजून हिरो म्हणतात. तो शब्द त्याने जपून ठेवलाय.

"आन् कोट तू शिवायचा," म्हणाला. "ह्या बारीला माज्या मापाचा."

१३ नोव्हेंबर
हणमंता आला. गडद निळं कापड घेऊन. छाती ३८, पोट ४०, बाही २३॥. खांदा उतरलाय, उजवा जास्त. पॅड घालीन.

माप घेताना तीनदा तोंड उघडलं. तो आरशात बघत भाषण म्हणत होता. आबांचं नाव आधी घ्यायचं, मग गावाचं. मी सुया दातांत धरून उभा.

तो गेल्यावर आबेदा म्हणाली, "सांगून टाका. न्हाईतर तितं जाऊन कळंल, मग?" खरं आहे. पण सांगायचं म्हणजे टेपेचंही सांगावं लागेल.

१७ नोव्हेंबर
प्राचीला परत फोन. या वेळी नाव सांगितलं, हणमंताचा मित्र म्हणून. त्याला स्टेजवर चढवू नका, वयस्कर माणूस आहे. ती म्हणाली, "काका, आम्ही त्यांचा अपमान कशाला करू? लोक उभं राहून टाळ्या वाजवतील." मग विचारते, "दुसऱ्या भागात फडक्यामागे कोण आहे हो? सगळे तेच विचारतात."

म्हटलं, मला काय माहीत.

सरळ खोटं बोललो. या वयात.

२१ नोव्हेंबर
कोट तयार. बसला चांगला. रात्री हणमंताला फोन केला, आज सांगायचंच म्हणून. "ऐक, लोक तिथं जरा हसत्यात..." "हसू देत की, विनोद हायतच त्यात," म्हणाला. विनोद एकही नाही त्यात. सगळा सूड आहे.

पुढे बोललो नाही. भेकड.

२३ नोव्हेंबर
पहाटे परतलो. लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

हणमंताच्या पुतण्याच्या गाडीने गेलो. टॉकीज भरलेली. निम्म्या लोकांच्या गळ्यात टेपा. हणमंता म्हणाला, "शिंपी लोकांचा कारेक्रम हाय काय?" मी खिशात हात घातला. माझी टेप खिशातच होती, सवयीने घेतलेली.

पहिल्या भागात त्याच्या एकेका वाक्यावर लोक हसले. वाक्य त्याच्या आधीच म्हणत होते, चारशे जण एका सुरात. तो हात गुडघ्यांवर ठेवून ताठ. हसला नाही, वळला नाही. मला उठून पडदा फाडावासा वाटला. काहील सांडली आणि सगळ्या थेटरने तोंडाला रुमाल बांधले.

मग मारामारी. टेपा उडाल्या. एक हणमंताच्या नव्या कोटावर येऊन पडली. त्याने ती हातात घेतली, पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ह्यो तू हायस."

मी खिशातली टेप चाचपली.

"चालतोस तर माज्यावानीच. कवा शिकलास?"

महिनाभर रोज कोपऱ्यात कपडे घेऊन त्याला बघत उभा असायचो, तेव्हा. हे इथेच पहिल्यांदा लिहितोय.

शेवटी त्याला स्टेजवर नेलं. लोक खरंच उभे राहिले. टाळ्या थांबेनात. पाठ केलेलं भाषण त्याने केलंच नाही. आबांचं नाव घेतलं आणि म्हणाला, "माजी सुट्टी संपली, मी गेलो. पुडं ज्यानं निभावलं त्यो हितंच बसलाय. त्याला वाटलं तर उटंल."

मग कुणीतरी "टेप, टेप" सुरू केलं आणि सगळ्यांनी धरलं. मी खिशातली टेप मुठीत आवळून बसलो. उठलो नाही.

परतताना तो पुतण्याशेजारी पुढे बसला, मला मागे बसवलं.

२६ नोव्हेंबर
हणमंताचा फोन. रागावला असेल वाटलं. नव्हता.

"मास्तर, खरं सांग. तुला राग कुनासाटी आल्ता? माज्यासाटी, का तुज्यासाटी?"

फोन ठेवला मी. कट केला सरळ.

याला हिरो म्हणून गाव ओळखतं. माझं तोंड कुणी पाहिलं नाही, नाव पिक्चरच्या पाटीवर नाही, आणि हसतात ते मात्र माझ्यावर. एवढा राग येणार नाही तर काय!

लिहिलं आणि वाचलं. उत्तर दिलंच की मी.

३० नोव्हेंबर
वडूजच्या एस.टी.ने कापडाचं पार्सल. गडद निळं, तेच. सोबत चिठ्ठी: "पुढल्या महिन्यात साताऱ्याला खेळ आहे. दोघांना बोलावलंय. हा कोट तुझा. तू आला नाहीस तरी शिव."

भिकार पिक्चर. भिकारच आहे, मला आता दिसतंय. पण चालतो मी चांगला त्यात.

कापड टेबलावर पसरलं. खडू घेतला. शिंप्याला स्वतःचं माप घेता येत नाही. आबेदा न विचारता आली, टेप उचलली. म्हटलं, राहू दे, काम पडलंय. "बरं," म्हणाली आणि आत गेली.

टेप तिच्याकडेच आहे.