नवा अगस्ती

सोलापूर

प्रिय दानू,

तुला हसू येईल, पण तुझ्या अव्वाला नवा अगस्ती आवडायला लागलाय. दिवाळीनंतर ‘आकाशवाट’ मालिकेत कप्तान अगस्तीचं काम करणारा नट बदलला तेव्हा तुम्हा मायलेकींनी फोनवर केवढा दंगा केला होता! तू शाळेत असल्यापासूनचा तो चेहरा, तो आवाज. आणि एका रविवारी यान कोसळतं काय, कप्तानाच्या तोंडावरच्या पट्ट्या सोडतात काय, नि आतून भलताच माणूस निघतो! यानातले बाकीचे त्याला खुशाल कप्तान म्हणतात, कुणी दचकतसुद्धा नाही, याचाच अव्वाला जास्त संताप. “हा दुसराच हाय, ह्यांना दिसत न्हाय का?” म्हणून तिने टीव्हीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. मला त्या परग्रहांतलं फारसं कळत नाही. तिची बडबड ऐकायला मिळते म्हणून त्याआधी मी शेजारी बसायचो.

गड्ड्याच्या जत्रेनंतर तिला मेंदूचा झटका आला तो ‘किरकोळ’ होता, असं मी तुला सांगितलं. हातपाय चालतात, बोलणं स्वच्छ आहे, भाकरी पहिल्यासारखीच थापते, हे खरंच आहे. पण दवाखान्यातून घरी आलो त्या दुपारी तिने मला बाहेरच्या खोलीत खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि मराठीत म्हणाली, “बसा की. ते येतीलच एवढ्यात दुकानातनं.” दानू, लग्न झाल्यापासून ती माझ्याशी कानडीतच बोलत आलीय. मराठी गिऱ्हाइकांशी, पाहुण्यांशी. मी हसलो. ती हसली नाही.

डॉक्टर म्हणाले, चेहरा तिला ओळखता येतो, पण हे आपलं माणूस आहे ही भावना त्या चेहऱ्यापाशी पोचतच नाही. चेहरा समोर नसला, नुसता आवाज असला, की तसं होत नाही. म्हणून तर तुझ्याशी फोनवर ती नेहमीसारखी बोलते आणि तुला कशाचा पत्ता नाही. आवाजाचं मलाही आधी उमगलं नव्हतं. एकदा दुकानातून फोन केला, तर पलीकडून तीच माझी शरणम्मा, दबक्या आवाजात, कानडीत: “लगू बर्री, लवकर या. घरात एक माणूस येऊन राहिलाय. तुमचे कपडे घालतो.” मी होतो तसा दुकान मंजुनाथवर टाकून घरी पळालो. तिने दार उघडलं, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि थंडपणे म्हणाली, “त्यांचा आत्ताच फोन येऊन गेला. निघालेत ते.”

त्यानंतर घरात मी चोरासारखा वावरायला लागलो. दाढी करताना ती दारात येऊन उभी राहायची. एकदा म्हणाली, “तीळ बरोबर जमलाय तुम्हाला. चाल मात्र न्हाय जमली. त्यांचा डावा पाय जरा ओढतो.” माझा पाय ओढतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी अंगणात चालून बघितलं, मुद्दाम पाय ओढून बघितला, न ओढता बघितला. आपण कसे चालत होतो तेच आठवेना. शेजारच्या गिरिजाबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. मी त्यांना हात केला, पण तो हातसुद्धा शिकवलेला वाटला. आमच्या लग्नाच्या फोटोपुढे उभा राहिलो की मला खरंच वाटायचं, हा गृहस्थ आला तर मी त्याला काय सांगणार?

होळीच्या सुमारास ती पुन्हा टीव्हीकडे वळली. त्या भागात यानातली म्हातारी यंत्रज्ञ मरायला टेकली होती आणि नवा अगस्ती तिच्या उशाशी नुसता बसून राहिला. बोलला नाही, हलला नाही. अव्वाच्या हातातली शेंग तशीच राहिली. “पहिला असता तर भाषण ठोकलं असतं,” ती म्हणाली. “ह्याला गप बसता येतं.” मग बराच वेळ माझ्याकडे पाहून, “तुम्हालाबी येतं की.”

दुसऱ्या दिवसापासून चहा देऊन ती आत जाईनाशी झाली. समोर बसायची. गाव कुठलं, विचारलं. मोहोळ म्हटल्यावर, “त्यांचंबी मोहोळच,” म्हणून तिला गंमत वाटली. हळूहळू सांगायला लागली: लग्न होऊन आली तेव्हा या घरात दुपारी एकटीला किती भीती वाटायची, तुझ्या आधीचं बाळ गेलं तेव्हा मी घरी रडलो नाही म्हणून तिने किती दिवस मनात राग धरला. “हे त्यांना सांगायला जमलंच न्हाय कधी,” म्हणाली. मी ऐकत होतो. मला माझाच हेवा वाटला, दानू. आणि दुकानातून फोन केला की आता ती ‘लगू बर्री’ म्हणत नाही. “गडबड करू नका, इथं सोबत हाय,” म्हणते आणि फोन ठेवते. मी मात्र फोन कानाला लावून तसाच उभा राहतो.

परवा मालिका संपल्यावर तिने टीव्ही बंद केला आणि माझ्यासमोर सरळ बसून म्हणाली, “तुमचं आन् त्यांचं एका घरात जमायचं न्हाय. तुम्ही चांगले आहात, पण माझी लेक मोठी झालीय, तिला विचारल्याबिगर मी परक्या माणसाला ठेवून घेणार न्हाय. फोनवर असलं बोलू नये. तुम्हीच तिला लिहा, सगळं खरं लिहा.” म्हणून हे पत्र. ती समोरच बसलीय, पेन थांबलं की मान वर करून बघते. तू उत्तर तिच्याच नावाने पाठव, कानडीत लिही, आणि मी राहू की जाऊ ते सांग. काय लिहायचं ते मी तुला शिकवणार नाही, तुला सुचेल ते लिही. फक्त लवकर लिही. आत्ताच बजावलंय तिने, की सही स्वतःच्या नावाची करा, त्यांची करू नका, पोरीला धक्का बसेल. चहाला आधण ठेवायला ती आत गेलीय, तेवढ्यात करतो.

तुझाच,
अप्पा