जिथे जीभ अडखळेल

टॅम्पिनीस, मे २०१५

प्रिय निरंजन बीजी,

आता तुम्ही कायमच्या लेकीकडे, मलेशियात इपोहला चाललात. तुमचं पुस्तक पुरं करायला जूनच्या सुट्टीत माझ्या इराला महिनाभर नेऊ का, असं परवा विचारलंत, आणि मी फाडकन नाही म्हणाले. पुण्याची तिकिटं काढली आहेत, अशी थाप मारली. कसली तिकिटं नि कसलं काय! खरं कारण सांगायला मला माझीच भाषा हवी, म्हणून हे मराठीत. एरवी आपण हिंदीत बोलतो, पण हिंदीत मला धड भांडताही येत नाही. इरा तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही.

खरं कारण एवढंच, की मी तुमच्यावर जळते. विनायक म्हणतो, ऐंशी वर्षांच्या बाईचा कसला हेवा करतेस? बापाचं काय जातं! तो सकाळी हार्बरफ्रंटला ऑफिसात जातो तो दिवेलागणीला उगवतो. शाळेतून आलेली पोर दप्तर आमच्याकडे फेकून दोन दारं सोडून तुमच्याकडे पळते, ते बघायला मी असते. मी विचारावं, इरा, जेवलीस का गं? तर उत्तर येतं, "एट ऑलरेडी लाह, ममी." आणि पाचच मिनिटांत तुमच्या जाळीच्या दारातून तिची खणखणीत पंजाबी ऐकू येते. माझ्या पोटची पोर, आणि तिची बडबड ऐकायला मला शेजारच्या दाराशी कान लावावा लागतो.

तुमच्याबद्दल मला जे ठाऊक आहे तेही तिच्याकडूनच, आणि तेही इंग्रजीत. जालंधरजवळच्या गावातून तुम्ही नवी नवरी म्हणून बोटीनं इथे या बेटावर आलात. तुमचे सरदारजी गोदीतल्या गोदामांवर रखवालदार. रात्रभर लोकांचा माल राखायचे आणि दिवसा झोपायचे. त्यांची झोप मोडू नये म्हणून तुम्ही कविता मनातल्या मनात रचायचात, साधं पुटपुटायचासुद्धा नाहीत. मग गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटताना त्या मोठ्यानं म्हणून घ्यायचात. अशी तीन पुस्तकं झाली. पुढे डोळे गेले, आणि चौथ्या पुस्तकासाठी तुम्हाला नेमकी माझीच इरा सापडली! तुम्ही सांगता, ती गुरुमुखीत उतरवते आणि वाचून दाखवते. जिथे तिची जीभ अडखळेल ती ओळ तुम्ही खोडायला लावता. पोर चुकली असं कधी म्हणत नाही, ओळच कच्ची म्हणता. मी मात्र तिच्या मराठीतला एकेक ळ पकडून दुरुस्त करत बसते, आणि ती हळूच इंग्रजीत सटकते. तुमच्या पंजाबीतला ळ मेला तिला बरोब्बर जमतो! तुमचं हे शहाणपण मला सगळ्यात जास्त झोंबतं, बीजी.

गेल्या रविवारी गुरुद्वाऱ्याच्या हॉलमधल्या कवी दरबारात तर कहर झाला. इरा तुमची पगडीची कविता म्हणायला उभी राहिली. सरदारजी गेल्याला कितीतरी वर्षं झाली, तरी तुम्ही त्यांची पगडी धुऊन खिडकीबाहेरच्या बांबूवर वाळत घालता, की खालून जाणाऱ्याला वाटावं, या घरात रात्रपाळीचा माणूस झोपलाय, हळू बोला. लोक "फेर! फेर!" म्हणून ओरडले आणि पोरीनं ती ओळ पुन्हा पुन्हा म्हटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेही तुमच्याच कवितेनं, आणि त्याचाही मला राग आला. मग कुणा आंटींनी तिला विचारलं, पुत्तर, तुझी मदर टंग कुठली? ती म्हणाली, "स्कूलमध्ये हिंदी, बीजींकडे पंजाबी." मी शेजारीच पकोड्यांची बशी धरून उभी होते. इथल्या शाळेत मातृभाषेच्या तासाला मराठी नाहीच, आमच्या मुलांना हिंदीच घ्यावी लागते, हे कबूल. पण शाळा आणि बीजी सोडून आपल्याला एक घरही आहे, हे तिला आठवलं नाही. तो पकोडा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, हे जाणूनच लिहिलंय. तुमच्याकडे वाचणारी एकच आहे. हिंदीमुळे तिला देवनागरी अक्षरं येतात. तुम्हाला कुठलीही गोष्ट आधी मूळ बोलीत ऐकायची असते, म्हणून इरा आधी मराठीत वाचेल आणि मग पंजाबीत समजावेल. म्हणजे तिच्या आईचा शब्दन् शब्द तिला स्वतःच्या तोंडात घ्यावाच लागेल. मला तेवढंच हवं होतं. इपोहला तिला घेऊन जा. तिची बॅग मी आज भरून ठेवली आहे, तिचे आवडते तिळाचे लाडूही घातलेत, त्यातले दोन तुमचे. आता तुमचा नियम मलाही लावा, तिची जीभ अडखळेल ती माझी ओळ खुशाल खोडा. फक्त शेवटची सोडून. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये तुमच्या जाळीच्या दाराशी उभी आहे. इरा, बाळा, तुझ्या तोंडून मराठी ऐकायला मी आसुसले आहे. बीजी, इथे तिला "फेर" म्हणा.

तुमचीच जळकुकडी शेजारीण,
उर्मिला