घंटेतलं गवत

प्रिय सिरोंका,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. बघ, पहिल्याच ओळीत तुला टोचलं, जित्याची खोड. लिहायला मी पन्नाशीला टेकल्यावर शिकलो, तेही पक्ष्यांच्या पायांतल्या कड्यांचे रंग वहीत मांडता यावेत म्हणून. तू मोम्बासाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि हे माझं तुला पहिलं पत्र. परवा तू आईला फोनवर सांगितलंस की सूनबाईला दिवस गेलेत, आणि मुलगा झाला तर त्याला इकडे कधीच आणणार नाहीस. सुंतेच्या वेळी त्याचीही पापणी लवेल आणि लोक हसतील, म्हणालास. फोन ठेवून तुझी आई मला म्हणाली, "ऐकलंस? आता नातवाचं तोंड तुझ्या साळुंक्यांच्या वहीतच बघ."

संशोधकांच्या तळावर मला चौदा वर्षं झाली. काम ठरलेलं आहे. बाभळीला शिडी लावायची, काट्यांतून हात घालून निळ्या साळुंकीचं पिल्लू काढायचं, पंखाखालच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, पायांत रंगीत कडी घालायची आणि पिल्लू होतं तिथं ठेवायचं. काही पिल्लं ओंजळीत लगेच शांत होतात. काहींचं काळीज मात्र घरट्यात परत ठेवलं तरी धडधडतच राहतं. अशांपुढे मी वहीत 'भित्रं' असं लिहायचो. मला कुणी सांगितलं नव्हतं, माझाच आगाऊपणा. हिरवा-काळा-पिवळा अशी कडी घातलेला एक नर होता, त्याच्यापुढे तर मी ते दोनदा लिहिलं होतं.

तळावर डॉक्टर वाम्बुई आहे, किकुयू जमातीची, तुझ्याहून लहान. तिनं ती वही पाहिली आणि म्हणाली, "बाबा, पक्ष्यांना नावं ठेवायचा पगार मिळतो का तुम्हाला?" पण दुसऱ्या दिवशी तीच धावत आली. रक्तात तिला जे सापडलं होतं, ते माझ्या भित्र्या पिल्लांशी बरंचसं जुळत होतं. ती मला समजावत बसली. आलेलं भय ओसरावं म्हणून प्रत्येक पिल्लात एक जनुक असतं. कधीकधी त्यावर मिथिल नावाची बारीकशी खूण बसते. जनुक तेच राहतं, त्यातलं एक अक्षरही बदलत नाही, पण त्याचा आवाज दबतो. मी म्हणालो, "म्हणजे गाईच्या गळ्यातली घंटा तीच, आत गवताचा बोळा." ती टाळी वाजवून म्हणाली, "आमच्या सरांनी दोन वर्षं घेतली हो हे सांगायला!"

मी विचारलं, हा बोळा कोंबतो कोण? ती म्हणाली, पाऊस. पिल्लाच्या अंगावर पडलेला नव्हे. अंडं घालायच्याही आधी त्याच्या आईनं पाहिलेला, किंवा न पाहिलेला. सिरोंका, विचार कर. साठ वर्षं मी आभाळाकडे बघत आलो, आणि न पडलेला पाऊस एका थेंबभर रक्तात मुक्कामाला होता! या धरित्रीवर काहीच वाया जात नाही, तहानसुद्धा नाही. वाम्बुईनं लगेच बजावलं, "बाबा, हे पक्ष्यांचं आहे, तेही अजून पुरतं कळलेलं नाही. माणसांना लावू नका." ती शास्त्रज्ञ आहे, तिला तसं म्हणावंच लागतं. मी बाप आहे.

तुझ्या सुंतेची सकाळ आठवते? पातं फिरताना ज्याची पापणी लवते तो भित्रा, ही आपली रीत; सगळा गाव बघत होता, आणि तुझी पापणी लवली. एकदाच. लोक तुझ्या आईकडे बघून थुंकले. मी तुला कबूल केलेली कालवड दिली नाही, पाठ फिरवून गुरांकडे निघून गेलो. महिन्याभरात तू घर सोडलंस. तू मोम्बासात शिंपीकाम करतोस हे मला परक्यांकडून कळलं.

त्या हिरव्या-काळ्या-पिवळ्याचं सांगायचं राहिलं. नऊ वर्षांचा झालाय. ससाण्याची सावली दिसली की सगळ्यांत आधी तोच ओरडतो, आणि बाकीचे काट्यांत शिरून वाचतात. यंदा त्यानं घरटं केलंय. चोचीत किडे घेऊन तो घाबरत घाबरत येतो, पण येतो. त्याची तिन्ही पिल्लं धष्टपुष्ट आहेत. वहीतलं 'भित्रं' मी खोडलं.

आता मुख्य गोष्ट. चौऱ्याऐंशीच्या दुष्काळात आपल्याकडे दूध देणारी एकच गाय उरली होती, पांढऱ्या कानांची. मी कळप डोंगराकडे नेणार होतो. तुझी आई म्हणाली, "ही तेवढी मला ठेव." मी हो म्हणालो. आणि पहाटे त्या गाईच्या घंटेत गवत कोंबून, आवाज न करता, तिलाही घेऊन गेलो. चार महिन्यांनी परतलो तेव्हा आईच्या मनगटातली कडी कोपरापर्यंत सरकत होती. कळप वाचला, गावानं मला शहाणा म्हटलं. त्यानंतर तू तिच्या पोटात आलास. परवा मी तिला हे सगळं सांगून टाकलं, वाटलं की तिला ठाऊकच नसेल. चहा गाळता गाळता ती म्हणाली, "घंटा ऐकू आली नाही, पण मी जागीच होते."

म्हणून हे पत्र. गावासमोर लवली ती पापणी तुझी होती, भय मी दिलेलं होतं, आणि लाज तू एकट्यानं वाहिलीस. मला माफ कर. त्याच गाईच्या वंशातली पांढऱ्या कानांची कालवड तुझ्या नावानं बांधली आहे. गळ्यात तीच घंटा आहे, आतून साफ केलेली. मुलगा होवो की मुलगी, बाळाला घेऊन ये. कुणी हसलंच तर माझी काठी अजून सरळ आहे. आणि बाळाच्या कपाळावर आपल्या रीतीप्रमाणे थुंकून आशीर्वाद द्यावा एवढी ओल या म्हाताऱ्याच्या तोंडात अजून शिल्लक आहे.

तुझाच, सोळा वर्षं उशिरा आलेला बाप,
किलेसी