पंच क्रमांक एक, मयत

अप्पा, तुमची सही मला वर्गात भेटली. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मी पदवी घेतली, तीन वर्षं शाळेत पोरांच्या वह्या तपासल्या, आणि आता रोज गुलबर्ग्याहून आळंदची बस धरून विद्यापीठात जाते. विषय गुन्हेगारी आणि न्याय. आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "चोराचा अभ्यास करायला एवढं लांब कामून जायलीस? तुझ्या अप्पानं दुकानात बसून केला की." मी हसले होते. आता हसू येत नाही.

सरांनी त्या दिवशी निकाल लागलेल्या जुन्या खटल्यांच्या झेरॉक्स वाटल्या. माणसांची नावं काळ्या पेनानं खोडलेली, पण सह्या कोण खोडत बसतंय? माझ्या वाट्याला एक जप्तीचा पंचनामा आला. खुनाचा खटला. आरोपीनं पंचांसमक्ष आपल्या घरामागच्या कडब्याच्या गंजीतून रक्ताचा विळा काढून दिला, असा मजकूर, सगळा कानडीत. आणि खाली पंच क्रमांक एकची सही मराठीत. गोल गोल अक्षर, खाली रेघ, रेघेखाली टिंबं. कानडी तुम्ही फाडफाड बोलायचात, पण शाळा मराठीत झालेली, कानडी वाचायला तुम्हाला शेवटपर्यंत आलं नाही. मला एकदम बरं वाटलं अप्पा, खरं सांगते. जत्रेच्या गर्दीत आपलं माणूस दिसावं तसं. मग मी वरची तारीख वाचली. त्या तारखेला तुम्हाला पुरून आठ महिने झाले होते.

सरांनी माझा कागद वर्गात फिरवला आणि विचारलं, या कागदात खटकण्यासारखं काय आहे? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, पंचाची सही मराठीत आणि मजकूर कानडीत, त्याला वाचून दाखवल्याची नोंद नाही. सरांनी तिला शाबासकी दिली. कागद परत आल्यावर मी पान उलटलं. पुढं निकालाचं पान जोडलं होतं, त्यात एक ओळ होती, पंच क्रमांक एक साक्षीपूर्वी मयत. बास. मयत कधी झाला, हे सरकारी वकिलांनी विचारलं नाही, आरोपीच्या वकिलांनी विचारलं नाही, न्यायाधीशांनीही नाही. दुसऱ्या पंचानं होय म्हटलं, आणि आरोपीला जन्मठेप लागली. तो अजून आत आहे. अपील पडून आहे.

तुम्ही दुकान टाकलं तेच ठाण्यासमोर. वर्दीची मापं, बाह्यांवरच्या पट्ट्या, सैल झालेल्या प्यांटी. जमादार रस्त्यापलीकडून नुसती हाक मारायचे, "अण्णा, या की पाच मिनिटं," आणि तुम्ही गळ्यातला टेप तसाच ठेवून उठायचात. चहा आणि बशीभर चुरमुऱ्यांची सुशीला, एवढ्यावर तुम्ही पंच. सुरुवातीला तरी तुम्ही जागेवर जायचात. घरी येऊन सांगायचात, विहिरीवर काय बघितलं, कुणाच्या घराचं कुलूप कसं तोडलं होतं, आणि आई म्हणायची, पोरीसमोर बोलू नका. एकदा तुमच्या चपला ठाण्याच्या पायरीवरूनच चोरीला गेल्या. गावभर हसू झालं. तेव्हापासून कुणाच्याही घरी गेलात की चपला हातात घेऊन आत जायचात आणि बाजेखाली सारायचात. लग्नघरीसुद्धा. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मग तुमचा खोकला वाढला. मी आठवीत. जमादार स्वयंपाकघरापर्यंत आले आहेत, हातात कोऱ्या कागदांचं बंडल. "अण्णा, उन्हातान्हात कुठं फिरता? ह्याच्यावर सह्या करून ठेवा, मजकूर आम्ही भरून घेतो." ते चहा पिऊन गेले. तुम्ही पाटावर बसून पेन धरता आणि हात थरथरतोय, रेघ वाकडी जातेय. तुम्ही माझ्याकडं बघता. "माय, तू कर. तुला येतीय माझी सही." अप्पा, त्याच्या आदल्या वर्षी प्रगतिपुस्तकावर तुमची सही ठोकली म्हणून तुम्ही मला मारलं होतं. आयुष्यात एकदाच मारलंत, तेवढ्यासाठी. खोटी सही म्हणजे चोरी, म्हणाला होतात. म्हणून मी विचारलं, "हे चालतंय व्हय?" तुम्ही पेन माझ्यापुढं सरकवलंत. मग म्हणालात, "कागद कोरा हाय माय. कोऱ्या कागदावर खोटं काय असतंय?" मला ते पटलं. आज तीच ओळ कुणी परीक्षेत लिहिली तर मी तिला शून्य देईन.

घरी जाऊन मी ट्रंकेतलं तुमचं जुनं रेशनकार्ड काढलं. तुमच्या सहीखाली दोन टिंबं. पंचनाम्यावरच्या सहीखाली तीन. दोनावर माझं समाधान व्हायचं नाही, तीन बरी दिसतात असं मला तेव्हा वाटायचं. म्हणजे सही करणारा तो मेलेला माणूसही तुम्ही नव्हतात. ती मी होते.

पुढच्या आठवड्यात सरांनी सगळ्यांना कामाला लावलं. आपापल्या कागदातली चतुःसीमा जागेवर जाऊन ताडून बघा, म्हणाले. गावाचं नाव खोडलेलं नव्हतं. मी एकटीच गेले. भर दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही. पूर्वेला पाण्याची टाकी, पश्चिमेला नाला, सगळं कागदात लिहिल्याप्रमाणं. घर उघडं होतं. आत आरोपीची म्हातारी आई तूर निवडत बसलेली. मी विद्यापीठातून आलेय म्हटलं, तशी तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, "तो सापडला का?" मी म्हटलं, कोण?

"पंच," ती म्हणाली. "तो आला होता की त्या दिवशी. पांढरा सदरा, खोकत होता. पोलीस मागं कडब्यात गेले, हा हितं बसला. गरम पाणी दे म्हणला, म्या दिलं. मला म्हणला, आक्का, हितं काय बी निघालं न्हाई, म्या बघितलंय. म्या सांगतो." ती माझ्या तोंडाकडं बघत होती. "कोरटात म्या त्याची वाट बघायले, तर म्हणले तो मेला. कधी मेला? माझ्यासमोर बसला होता की गं." मी म्हटलं, दुसरा कुणी असेल आजी, ठाण्यात पंच काय एकच असतो? तिला राग आला. "दुसरा कसा? मला काय दिसत न्हाई व्हय? चपला हातात धरून आत आला. हितं बाजेखाली ठेवल्या." तिनं वाकून जागा दाखवली. बाजेखाली काही नव्हतं, सारवलेली जमीन होती. तरी मी ओणवी होऊन बघितलं.

दुसराच कुणी असेल. मी स्वतःला हे बसमध्ये दहा वेळा सांगितलं. पोलिसांनी कुणालाही उचलून आणलं असेल, खोकणारा म्हातारा काय दुर्मिळ असतो? पण चपला, अप्पा? निघताना म्हातारीनं विचारलं, "तू त्याची कोण?" मी म्हटलं, कुणी न्हाई. ती म्हणाली, "भेटला तर सांग, म्हातारी वाट बघायलीय. बोललाय तसं सांग म्हणावं." मी मान हलवली. अजूनही कुणी मागं खोकलं की मी वळून बघते, बसमध्ये, वाचनालयात, कुठंही.

आईला सांगितलं तेव्हा ती उठली. तिनं देव्हाऱ्यापुढं विभूती लावली, परत येऊन बसली. आपल्यात माणसाला बसवून पुरतात, तुम्हालाही बसवलं, मांडीवर हात, हातात इष्टलिंग. मी तेव्हा कडेला उभी होते. मला वाटलं होतं, अप्पा दुकानात बसल्यासारखेच दिसतायत, आता कुणीतरी हाक मारेल आणि हे उठतील. आई म्हणाली, "बसवलेल्या माणसाला उठवायलीस कामून? गावात इज्जत हाय त्यांची. पुन्हा ठाण्यात नेऊन बसवणार हाईस का त्यांना?" मी म्हटलं, आई, ते ठाण्यातून कधी उठलेच नाहीत. त्यांना तिथून सोडवायचंय. ती रडली. मीही रडले. मला तुमचा राग आला होता आणि तुमची आठवणही येत होती, दोन्ही एकाच वेळी, आणि कुणाला सांगायची सोय नाही.

सरांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी मला त्या माणसाच्या अपिलाच्या वकिलांकडं पाठवलं. प्रतिज्ञापत्र तयार झालंय. सोबत तुमचा मृत्यूचा दाखला, रेशनकार्डाची प्रत, अक्षराचा नमुना म्हणून माझ्या आठवीच्या वह्या. म्हातारीनं सांगितलेलं त्यात नाही. वकील म्हणाले, तेवढं राहू दे, ते ऐकून कोर्ट तुझ्यावरच शंका घेईल. उद्या सकाळी मला त्यावर सही करायची आहे, माझ्या नावाची. सराव म्हणून काल कोऱ्या कागदावर करून बघितली, तर पेन आपोआप खाली आलं, रेघ मारली, आणि तीन टिंबं दिली. मी तो कागद फाडला, मग चुलीत टाकला. बंडलातले बाकीचे कागद कुठं असतील, संपले असतील की अजून कुठल्या कपाटात तुम्ही कुणाच्या तरी दाराशी जायची वाट बघताय, मला माहीत नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणून यात तरी खरं लिहिते. प्रतिज्ञापत्रात एक वाक्य आहे, सदर सर्व कागदांवर वडिलांच्या सांगण्यावरून सह्या केल्या. ते वाक्य वकिलांनी मला विचारून लिहिलं आणि मी हो म्हटलं. उद्या ते बदलून घ्यायचं आहे. त्या दिवशी तुम्ही दहा कागद मोजून माझ्यापुढं ठेवलेत आणि बाकीचं बंडल फळीवर चढवलंत. दहा झाल्यावर म्हणालात, "पुरे माय," आणि खोकत अंगणात गेलात. ते दहा तुम्ही जिवंत असेपर्यंतच संपले असणार. फळीवरचं बंडल मी काढलं, अप्पा. तुमची सही माझ्या हातून इतकी छान यायला लागली होती, मला थांबवेना.